रोलर, कागदाचे कपटे आणि वाट बघणं : वर्षाला मोजकीच चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंडेंची गोष्ट

इन्स्टाग्राम उघडलं की दर चार-पाच रीलनंतर टेक्श्चर पेंटिंगचा एक रील येतोच. कॅनव्हासवर पुट्टी फासायची, त्यावर जुना कंगवा फिरवायचा, टिश्यू पेपर चुरगाळून चिकटवायचा, वरून अ‍ॅक्रिलिक रंग ओतायचा आणि शेवटी सोनेरी रंगाचा एक हात मारायचा. तीस सेकंदांत चित्र तयार.

हे लोण आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. नांदगावसारख्या तालुक्याच्या गावातही हार्डवेअरच्या दुकानात पुट्टी मिळते, स्टेशनरीच्या दुकानात अ‍ॅक्रिलिकच्या बाटल्या मिळतात आणि मोबाईल तर हातात आहेच. पण चित्र पूर्ण झालं की घरातून एक प्रश्न हमखास येतो. हे काय काढलंयस?

यात घरच्यांचीही चूक नाही. महाराष्ट्रात चित्रकलेशी आपली ओळख होते ती शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांतून. समोर तांब्या, पेला आणि दोन फळं ठेवलेली. जे दिसतंय ते कागदावर उतरवायचं आणि रंग रेघेबाहेर जाऊ द्यायचा नाही. अशा तालमीत वाढलेल्या माणसाला ज्या चित्रात तांब्याही नाही आणि फळंही नाहीत, ते बघायचं कसं हेच कुणी सांगितलेलं नसतं.

हा प्रश्न ज्यांच्या चित्रांसमोर सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला असेल, ते नाव मराठीच आहे. वासुदेव संतू गायतोंडे. आज त्यांच्या एका कॅनव्हासची किंमत कित्येक कोटींत जाते. पण कोटींचे आकडे नंतर. आधी हा माणूस रंगाशी नेमकं काय करायचा ते बघू.

नागपूर, गोवा आणि गिरगावची चाळ

गायतोंडेंचा जन्म 2 नोव्हेंबर 1924 चा, नागपूरचा. कुटुंब मूळचं गोव्याचं. लहानपणाची काही वर्षं गोव्यात गेली आणि मग बिऱ्हाड मुंबईत, गिरगावच्या चाळीत आलं. चाळीतलं घर म्हणजे जागेची टंचाई आणि माणसांची गर्दी. पुढे ज्याच्या चित्रांत फक्त मोकळी जागा आणि शांतता दिसली, तो माणूस वाढला तो अशा घरात.

सर ज. जी. कला महाविद्यालयातून, म्हणजे मुंबईच्या जेजेमधून, त्यांनी 1948 साली पदविका घेतली. तिथे त्यांना शंकर पळशीकर यांच्यासारखे शिक्षक मिळाले. पळशीकर विद्यार्थ्यांना भारतीय लघुचित्रांकडे बघायला शिकवत. जैन पोथ्यांमधली चित्रं, पहाडी शैलीतली चित्रं, त्यातले सपाट पण झगझगीत रंग, स्पष्ट रेषा. गायतोंडेंची सुरुवातीची चित्रं बघितली तर हे सगळं त्यात दिसतं. त्यात माणसं आहेत, बायका आहेत, पक्षी आहेत. म्हणजे ज्याला पुढे काही काढता येत नाही असं लोक म्हणणार होते, त्याला माणूस उत्तम काढता येत होता. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्यांनी जे सोडलं ते येत नव्हतं म्हणून सोडलं नाही.

ग्रुपमध्ये असूनही एकटे

1947 साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. भारतीय चित्रकलेत खळबळ उडवणारी ही मंडळी. 1950 साली त्यांनी गायतोंडेंनाही आपल्यात बोलावलं.

पण गायतोंडेंचा पिंड वेगळा. त्यांना घोषणा करायच्या नव्हत्या, जाहीरनामे लिहायचे नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या पॉल क्ले या चित्रकाराच्या कामाने त्यांना याच काळात ओढून घेतलं. क्लेच्या चित्रांत रेघ कधी घर होते, कधी चेहरा होते, कधी नुसतीच रेघ राहते. गायतोंडेंच्या चित्रांमधले आकार हळूहळू साधे होऊ लागले. तपशील गळत गेले. पन्नासचं दशक संपता संपता माणसं पूर्णपणे गेली आणि उरला फक्त रंग.

याच वर्षांत कौतुकही होत होतं. 1957 साली टोकियोत भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांचं 1962 सालचं चित्र आहे. इकडे मुंबईत होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी जो चित्रसंग्रह उभा केला, त्यातही गायतोंडे आहेत. अणुशास्त्रज्ञांच्या इमारतीत गायतोंडेंचं चित्र, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईबद्दल बरंच काही सांगून जाते.

त्यांचा स्टुडिओ होता वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये. समुद्राला लागून असलेली ही जागा म्हणजे त्या काळातला कलाकारांचा अड्डाच. रविशंकर यांची संगीतशाळा तिथे, अल्काझींचं नाटक तिथे, हुसेन तिथे, प्रफुल्ला डहाणूकर तिथे. नसरीन मोहम्मदी ही पुढे मोठी झालेली चित्रकार तरुणपणी तिथेच गायतोंडेंच्या सहवासात आली आणि त्यांच्याकडून शिकली. मित्रमंडळी त्यांना गाय म्हणायची. एवढ्या गजबजाटात हा माणूस मात्र समुद्राकडे बघत तासन् तास बसलेला असायचा. साठच्या दशकातले त्यांचे आडवे कॅनव्हास बघताना अनेकांना क्षितिज आठवतं ते उगाच नाही. पण समुद्र काढलाय असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही.

अमूर्त नव्हे, मग काय?

आपण अशा चित्रांना सरसकट अमूर्त किंवा अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतो. गायतोंडेंना हा शब्द पसंत नव्हता. आपली चित्रं नॉन-ऑब्जेक्टिव्ह आहेत असं त्यांचं म्हणणं असे.

फरक सोपा आहे. समजा तुम्ही झाड बघितलं, त्याची पानं काढून टाकली, फांद्या काढून टाकल्या आणि शेवटी चार हिरवे फटकारे ठेवले. हे झालं अमूर्त. त्याच्या मुळाशी झाड आहे. नॉन-ऑब्जेक्टिव्ह चित्राच्या मुळाशी कुठलीच वस्तू नसते. त्यामुळे हे काय काढलंय या प्रश्नाला तिथे उत्तरच नाही. कॅनव्हासवर जे रंगाचं घडतंय, तेच चित्र.

या विचाराला झेन बौद्ध परंपरेचं वाचन पोषक ठरलं. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईतच राहणारे, बिडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज यांच्याकडेही त्यांचा ओढा होता. शास्त्रीय संगीत ते मन लावून ऐकत, भारतीयही आणि पाश्चात्त्यही. गाण्यात षड्ज लागला की त्यात काय दाखवलंय असं आपण विचारत नाही. रंगाकडेही तसंच बघावं, एवढी साधी अपेक्षा.

ते नेमकं काय करायचे?

आता मुद्द्याचं. टेक्श्चर म्हटलं की आपल्याला जाड थर, उंचवटे, खरखरीतपणा आठवतो. गायतोंडेंचं टेक्श्चर याच्या बरोबर उलट वाटेने आलं. त्यांनी रंग चढवला तेवढाच उतरवलाही.

साठच्या दशकात त्यांनी ब्रशवरचा भर कमी केला आणि रोलर व पॅलेट नाइफ हातात घेतले. ब्रशमध्ये हाताची सवय उतरते. फटकारा कुणाचा आहे ते ओळखू येतं. रोलरने रंग सपाट पसरतो आणि हाताची खूण पुसली जाते. त्यांना बहुधा हेच हवं होतं, कारण चित्रात मी दिसता कामा नये या दिशेनेच त्यांचं सगळं काम चाललं होतं.

पद्धत साधारण अशी. तेलरंग पातळ करून त्याचा एक थर द्यायचा. तो किती सुकतोय याच्याकडे लक्ष ठेवायचं. मग पॅलेट नाइफने काही ठिकाणचा रंग खरवडून घ्यायचा. त्यावर दुसरा पातळ थर. पुन्हा खरवडणं, पुन्हा पुसणं. खालचा रंग वरच्या रंगातून झिरपल्यासारखा दिसेपर्यंत हे चालायचं.

यात पुढे एक युक्ती आली. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून त्याचे कपटे करायचे, ते ओल्या रंगावर ठेवायचे आणि वरून रोलर फिरवायचा. कपटा उचलला की त्याच्यासोबत थोडा रंग निघून येतो आणि मागे एक ठसा राहतो. ठशाच्या कडा फाटक्या कागदासारख्याच, कुठे तुटक, कुठे विरळ. त्यांच्या नंतरच्या चित्रांत जी अगम्य लिपीसारखी चिन्हं तरंगताना दिसतात, त्यातली बरीच अशी आलेली आहेत. कागद कसा फाटेल यावर पूर्ण ताबा नसतो. पण तो कुठे ठेवायचा, कधी उचलायचा आणि कोणता ठसा पुन्हा पुसून टाकायचा, हे सगळं ठरवावं लागतं.

त्यांच्या चित्रातून आतून उजेड येतोय असं वाटतं, त्याचं कारणही या थरांत आहे. रंग पातळ आणि पारदर्शक असेल तर प्रकाश त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि परत येताना वाटेतल्या सगळ्या थरांचा रंग घेऊन येतो. जाड रंगावर प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो. म्हणून फोटोत सपाट पिवळं दिसणारं गायतोंडेंचं चित्र प्रत्यक्षात खोल दिसतं.

आणि या सगळ्यात सगळ्यात मोठं काम होतं वाट बघण्याचं. तेलरंग पाणी उडून सुकत नाही. त्यातल्या तेलाची हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होऊन तो घट्ट होतो, आणि त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. गायतोंडे रिकाम्या कॅनव्हाससमोरही बराच काळ नुसते बसत. काम सुरू करण्याआधीचं हे बसणं त्यांच्या लेखी कामच होतं. परिणाम असा की वर्षाकाठी हातावेगळे होणारे कॅनव्हास मोजकेच, पाच-सात. त्यातलंही जे पटलं नाही ते ठेवायचं नाही.

न्यूयॉर्क आणि मग दिल्लीची बरसाती

1963 साली मॉरिस ग्रेव्हज हा अमेरिकन चित्रकार भारतात आला होता. मुंबईत गायतोंडेंची चित्रं बघून तो इतका भारावला की त्याने न्यूयॉर्कच्या एका गॅलरीला पत्र लिहून या चित्रकाराची तोंडभरून शिफारस केली. पुढच्याच वर्षी, 1964 मध्ये, गायतोंडे रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. तिथे तेव्हा मार्क रॉथको आणि त्याच्या पिढीच्या चित्रकारांचा बोलबाला होता. मोठमोठे कॅनव्हास, त्यावर रंगाचे नुसते पट्टे.

गायतोंडेंनी तिथून शैली उचलून आणली असं काही जण म्हणतात. पण तारखा बघितल्या तर हे टिकत नाही. आकार सोडून देण्याचा निर्णय त्यांनी त्याच्या काही वर्षं आधीच मुंबईत घेतलेला होता.

1971 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर लवकरच त्यांनी मुंबई सोडली आणि दिल्लीत निजामुद्दीनमध्ये गच्चीवरच्या एका लहानशा जागेत, तिथल्या भाषेत बरसातीत, मुक्काम हलवला. घरात सामान बेताचंच. लग्न केलेलं नव्हतं. घरच्यांशी संबंध विरळ होत होत जवळपास तुटले होते. लोकांत मिसळणं कमी, मुलाखती त्याहून कमी. या बरसातीत सत्तरच्या दशकात जे कॅनव्हास तयार झाले, ते आज त्यांचं सर्वोत्तम काम मानलं जातं. आता चित्रं उभी झाली होती आणि एकेका रंगाच्या अनेक छटांत बुडालेली होती.

या एकांताकडे बघून त्यांना ऋषी वगैरे ठरवायचा मोह होतो. पण एकांताची किंमत होती आणि ती त्यांनी भरली. पुढे जेव्हा शरीराने दगा दिला, तेव्हा हाताशी फारसं कुणी नव्हतं. मोजक्या मित्रांनीच त्यांना सांभाळलं.

1984 चा अपघात

1984 साली, साठीच्या उंबरठ्यावर असताना, दिल्लीत रिक्षाच्या अपघातात ते सापडले. मणक्याला जबर मार बसला. चालणं-फिरणं अवघड झालं.

आता त्यांची पद्धत पुन्हा आठवा. माणसाच्या उंचीचा कॅनव्हास, त्यावर दोन्ही हातांनी दाबून फिरवायचा रोलर, वाकून खरवडणं, मागे जाऊन बघणं, पुन्हा पुढे येणं. हे डोक्याइतकंच पाठीचं काम होतं. अपघातानंतर काही वर्षं मोठा कॅनव्हास त्यांना करता आला नाही.

मग त्यांनी कागद घेतला आणि शाई घेतली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची त्यांची ही कागदावरची कामं आकाराने लहान आहेत. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईची चिन्हं, कुठल्याशा हरवलेल्या लिपीतली वाटावीत अशी. इथे थर नाहीत, खरवडणं नाही, दुरुस्तीला जागा नाही. जे आयुष्यभर पुसून पुसून मिळवलं ते आता एका फटक्यात यायला हवं होतं.

दशक संपता संपता ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. त्या काळात मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मान त्यांना मिळाला. नव्वदच्या दशकात जमेल तेवढी चित्रं झाली, आणि आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत मात्र त्यांनी रंगवणं थांबवलं. 10 ऑगस्ट 2001 रोजी ते गेले. वय 76. इतक्या मोठ्या चित्रकाराच्या जाण्याची महाराष्ट्रात फारशी चर्चाही झाली नाही. पुढे सतीश नाईक यांच्या चिन्हने गायतोंडेंवर मोठं काम केलं, तेव्हा कुठे अनेक मराठी वाचकांना हा माणूस आपला होता हे कळलं.

मग कोटींचे आकडे

डिसेंबर 2013 मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीने मुंबईत ताजमहाल हॉटेलमध्ये भारतातला आपला पहिला लिलाव केला. त्यात गायतोंडेंचं 1979 सालचं चित्र 23.7 कोटी रुपयांना गेलं. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं. नंतर ते व्हेनिसलाही गेलं. 2015 मध्ये आणखी एक चित्र 29.3 कोटींना विकलं गेलं, 2022 मध्ये 42 कोटींना, आणि सप्टेंबर 2025 मध्ये 1970 सालच्या एका चित्राने 67 कोटींचा आकडा ओलांडला.

भाव चढण्यामागे एक सरळ हिशोबही आहे. चित्रं थोडी, त्यातली बरीच संग्रहालयांत, आणि घेणारे वाढलेले. वर्षाला पाच-सात चित्रं करणाऱ्या माणसाची बाजारात येणारी चित्रं किती असणार? ज्या संथपणामुळे हयातीत पैसा कमी आला, त्याच संथपणामुळे नंतर किंमत वाढली. या पैशाशी गायतोंडेंचा काही संबंध आला नाही. दिल्लीच्या बरसातीत भाडं भरून राहणाऱ्या माणसाने यातला एक आकडाही ऐकला नव्हता.

तुम्ही अ‍ॅक्रिलिकवर प्रयोग करत असाल तर

गायतोंडे तेलरंगात काम करत. आज घरी प्रयोग करणारे बहुतेक जण अ‍ॅक्रिलिक वापरतात, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की त्याचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा होतो. पातळ थर दहा-वीस मिनिटांतच सुकतो. म्हणून कागदाचा कपटा ठेवून उचलायची युक्ती करायची असेल तर घाई करावी लागते. उशीर झाला तर रंगच गोंदाचं काम करतो आणि कागद कायमचा चिकटून बसतो. रंग उशिरा सुकावा म्हणून त्यात घालायचं रिटार्डर मिळतं, ते थोडंसं वापरलं तर हाताला वेळ मिळतो.

घट्ट उंचवटे हवे असतील तर मॉडेलिंग पेस्ट घ्या. भिंतीची पुट्टी स्वस्त पडते, पण ती कडक असते आणि कॅनव्हास लवचिक. कॅनव्हास हलला की पुट्टीला तडे जातात. पुट्टीच वापरायची असेल तर प्लायवूड किंवा एमडीएफचा तुकडा बरा. आतून उजेड हवा असेल तर पांढरं अस्तर द्या आणि वर पातळ पारदर्शक थर, प्रत्येक थर पूर्ण सुकल्यावर पुढचा. आणि तेलरंगावर अ‍ॅक्रिलिक चढवू नका, ते धरत नाही.

साहित्य एवढंच. रोलर शंभर-दोनशे रुपयांत येतो, जुनं वर्तमानपत्र घरातच असतं. गायतोंडेंकडेही यापेक्षा फार वेगळं काही नव्हतं. त्यांच्याकडे जे होतं ते म्हणजे पहिला थर दिल्यावर खुर्चीत बसून राहण्याची तयारी आणि बरा दिसणारा भागही पटला नाही तर खरवडून टाकण्याची हिंमत. तीस सेकंदांच्या रीलमध्ये नेमका हाच भाग कापलेला असतो.

दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात गायतोंडेंची चित्रं आहेत. एखादं मांडलेलं दिसलं तर फोटो काढायच्या आधी पाच मिनिटं नुसते उभे राहा. पहिल्या मिनिटाला एकच रंग दिसेल. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खालचे थर वर यायला लागतील. काय काढलंय हा प्रश्न तोपर्यंत बहुधा मागे पडलेला असेल.